धक्क्याला तुझं नाव द्यायचं म्हणतात

लतीफ, गावाहून तुझ्या त्या मुनीरचा फोन आला होता. तुला माती देऊन आठवडाही झाला नव्हता. मी इथं मस्कतला, दार्सैतच्या खोलीवर गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. "दत्ताकाका, फार मोठा माणूस गेला," म्हणाला. मी म्हटलं, हो. मग घसा खाकरून म्हणाला, "आघाडीनं ठरवलंय, धक्क्याला लतीफभाईंचं नाव द्यायचं. आणि तिकडच्या मंडळाची स्मरणिका निघतेय, तिच्यात तुम्ही त्यांच्यावर लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं? पण काका, चांगलं लिहा." 'चांगलं लिहा' दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा जरा हळू.

फोन ठेवता ठेवता खरं काम सांगितलं. निवडणूक तोंडावर आहे. शुक्रवारी मस्कतबाहेर बरक्याला तुझ्या जाळ्या-दोरांच्या दुकानामागं आपली माणसं जमतात, तुझी खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर मी बसावं आणि तू सांगायचास तसं सगळ्यांना घरी फोन लावायला सांगावं. "तुमचं ऐकतील," म्हणाला. मी म्हटलं, बघतो. तुझाच शब्द वापरला. कुणाला नाही म्हणायचं असलं की तू 'बघतो' म्हणायचास.

तर लिहायला बसलो. तुझा जन्म कुठला, तू मस्कतला कधी उतरलास, किती पोरांना इथं चिकटवलंस, ते मुनीर लिहील, त्याला भाषणाची सवय आहे. माझं शिक्षण चौथी, तीसुद्धा मास्तर दयाळू होते म्हणून. लादी बसवण्यात जन्म गेला. या शहरातले किती साहेब माझ्या हातच्या जमिनीवर अनवाणी चालतात ते मी सांगत बसत नाही. मला मंडळाशी बोलता येत नाही, तुझ्याशी भांडता येतं. आणि तू भांडण अर्धं टाकून गेलास. हे तुझं नेहमीचं. दुकानात गिऱ्हाईक आलं की तू उठायचास आणि माझं वाक्य तसंच हवेत लटकायचं. या वेळी मी पुरं करणार.

आधी धक्क्याचं सांगतो, वाचणाऱ्यांत परगावचे असतील. आपली खारतळी खाडीवरची. आता नगरपंचायत झाली म्हणून शहर म्हणायचं. आपण पोरगे होतो तेव्हा गावाबाहेर पडायला एकच वाट होती. धक्क्यावर मचव्यात बसायचं, पलीकडे उतरायचं, तिथून मुंबईची एसटी. आपण दोघं एकाच मचव्यानं निघालो. माझी आई वर वडाच्या पारापाशी थांबली, तिला पुढं येववलं नाही. तुझी बहीण खतीजा, फ्रॉकातली, शेवटच्या पायरीवर उभी, घोट्यापर्यंत पाय पाण्यात, हात वर. मचवा वळणाआड जाईस्तोवर तिनं तो हात खाली केला नाही. हे तू मला बरक्याला कितीदा सांगितलंस. अरे, मीही त्याच मचव्यात होतो. पण सांगायचास असं, जसा मी त्या दिवशी दुसरीकडेच कुठं लादी बसवत होतो.

इथं असलेल्या खारतळीच्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यात तो धक्का आहे. पाण्यात पाय बुडवून कोणीतरी उभं आहे, आणि आपण लांब जातोय. पण पुढं काय झालं ते आपल्या डोळ्यांना दिसलं नाही. वरच्या अंगाला पूल झाला. गाड्या दारापर्यंत यायला लागल्या. डोंगरातली माती दर पावसाळ्यात खाली येत राहिली, धक्क्यापाशी खाडी भरत गेली, तिवरं माजली, आणि धक्क्याचे दगड लोकांनी एकेक करून कुंपणाला नेले. सुट्टीवर गेलेला माणूस गाव बघतो कुठं? गाडीतून दारात उतरतो, बॅगा उघडतो, लग्नं आणि मयती उरकतो, या घरी जेवतो, त्या घरी जेवतो, आणि दिवस संपले की परत गाडीत. धक्क्यापर्यंत उतरून जायचं त्याला काय काम.

मग ती तुझी परदेशस्थ आघाडी. निशाणी बॅग. गावात बॅगवालेच म्हणतात. ती निघाली तुझ्या दुकानामागं, जाळ्यांच्या गुंडाळ्यांवर बसून, मासळीच्या वासात. मला तो दिवस आठवतो कारण तू कधी नव्हे तो उभा राहून बोललास. "गावातली निम्मी घरं आपल्या घामावर उभी आहेत. आणि दाखला मागायला गेलं की कारकून विचारतो, कोण तुम्ही? आपला पक्ष पाहिजे."

मी म्हटलं, "अरे, मत द्यायला तिथं जावं लागतं. तू इथं, मी इथं. देणार कोण?"

तू खिशातून फोन काढलास आणि टेबलावर ठेवलास. "हा देईल."

त्या दिवसापासून मी डोक्याला हात लावून बसलो तो अजून काढलेला नाही.

फोनवाला शुक्रवार विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही. जुम्म्याची नमाज झाली, आमचा हिंदूंचा तोवर इकडच्या तिकडच्या गप्पांत वेळ गेला, सगळ्यांनी मिळून बिर्याणीची परात रिकामी केली की तू त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचास. एका पायाला नायलॉनची दोरी गुंडाळलेली, मोडला होता म्हणून. दुकानात दोरीचे ढीग, खुर्ची नवी घेशील तर शपथ.

"हरी, लाव फोन. आवाज मोठा ठेव, सगळ्यांना ऐकू दे."

हरी म्हणजे आपला एसी दुरुस्त करणारा. त्यानं लावला. "ऐक गो, बटण बॅगेचं दाबायचं."

"बरं. बाळ्याचा खोकला अजून गेला नाही हो."

"ते मागनं. बटण कुठलं?"

"बॅग."

"खलास," तू म्हणालास. "यल्ला, पुढचा."

असे एकामागून एक. कुणाच्या बायकोला ताप, कुणाच्या आईला दिसेनासं झालेलं, सगळं मागनं. बटण आधी. माझी पाळी आली तेव्हा मी हाताची घडी घालून बसलो. "दत्त्या, लाव," म्हणालास. मी म्हटलं, "मी इंदूला कधी आमटीत मीठ किती घाल ते सांगितलं नाही, बटण काय सांगू?" सगळे हसले. तू नाही हसलास. "तुझी बायको दुसऱ्याला देईल," म्हणालास. "देऊ दे," मी म्हटलं. त्या दिवशी तू मला चहा दिला नाहीस. सबंध बरक्यात तुझ्या दुकानाइतका वाईट चहा कुठं मिळत नाही, पण न देणं ते न देणंच.

आणि बाबा, जिंकलात. नगरपंचायत हातात आली. जागा निम्म्या बायकांना राखीव, तिथं आघाडीनं उभ्या केल्या त्या सगळ्या इथल्याच माणसांच्या बायका, बहिणी, भावजया. तुझी खतीजाही निवडून आली. मुनीर बरीच वर्षं इकडं ओमानातच, सलालात काढून गावी परतला होता, त्याला नगराध्यक्ष केलंत. पण राज्य कुठून चाललं? सभा खारतळीला व्हायची आणि ठराव बरक्याला. आदल्या रात्री मुनीर तुला फोटो पाठवायचा, हे करू की ते करू. तू जाळी मोजता मोजता सांगायचास, हे करा. सकाळी इथून फोन जायचे. आज सभेत हात वर करायचा. कशासाठी ते नंतर सांगतो. बायका जायच्या, हात वर करायच्या, घरी येऊन भाकऱ्या भाजायच्या.

चांगलं झालं तेही लिहितो, नाहीतर म्हणशील, दत्त्यानं मी मेल्यावर डाव साधला. दाखले वेळेवर मिळायला लागले. पूर्वी एका जन्मदाखल्यासाठी माणसाची सुट्टी संपायची. मुंबईच्या विमानतळावरून मयत गावी आणायला आघाडीची गाडी जाते, रात्री-अपरात्री, जात बघत नाही. आणि इंदूच्या पोटात दुखायला लागलं, धो धो पाऊस, रस्त्यावर झाड आडवं, तेव्हा आघाडीच्याच गाडीनं तिला रत्नागिरीला नेलं. मी इथं एका मंत्रालयाच्या साहेबाच्या न्हाणीघरात लादी कापत होतो, आणि तू फोन केलास, "पोचली. डॉक्टर बघतोय. तू काप लादी." ते मी विसरणार नाही. मेलो तरी नाही.

पण तेव्हाही मी तुला म्हणालो ते आज परत म्हणतो. गाडी आली ती तू बरक्याहून मुनीरला फोन केलास म्हणून आली. शेजारच्या वाडीतल्या गोविंदाच्या आईला आली नाही, कारण गोविंदा गुरं राखतो, त्याचा ओमानात कोणी नाही. हे सरकार नव्हे लतीफ, ही ओळख झाली. तू म्हणालास, "तुला मदत केली तर तीही खुपते." आठ दिवस बोलला नाहीस. मीही नाही बोललो. मग तूच फोन केलास, इकडचं तिकडचं काही नाही, "शुक्रवारी येतोयस ना?" एवढंच.

बाकीचं काय केलंत? पुलापाशी कमान, 'स्वागतम्', तिच्यावर सिमेंटचं विमान. स्वागत कोणाचं? आमचं, वर्षातून एकदा. परदेशस्थ भवन बांधलंत, थंडगार, मे महिन्यात आणि नाताळच्या सुट्टीत उघडतं, एरवी कुलूप. रस्त्यावर दिवे लागले, पण रस्ता कुठला, तर पुलापासून गल्फवाल्यांच्या घरांपर्यंतचा. पुढं अंधार. आणि नळाला पाणी एक दिवसाआड. शिमगा झाला की टँकर. हे मी विचारलं की तू म्हणायचास, "फोटोत तर टाकी भरलेली दिसते." फोटोत टाकी दिसते लतीफ, टाकीतलं दिसत नाही.

आणि मग धक्का.

मी समोर होतो. तो शुक्रवार होता, कोणी काही सुचवलं नव्हतं, तूच आपणहून म्हणालास, "धक्का परत बांधायचा. काँक्रीटचा, लांबरुंद, वर छप्पर, लाँच लागेल असा." हरीच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही. प्रत्येकाला आपापली पायरी दिसली. मलाही दिसली, मी काय दगडाचा आहे? माझी आई पारापाशी उभी राहिलेली दिसली. पण तेवढ्यात तू खतीजाला फोन लावलास, आवाज मोठा, सवयीप्रमाणे, आणि सांगितलंस, "उद्या सभेत धक्क्याचा ठराव आहे. हात वर कर."

ती म्हणाली, "भाई, तिथं आता पाणी येत नाही."

तू म्हणालास, "काय?"

"खाडी भरली. मोठ्या उधाणाला गुडघाभर येतं, तेवढंच. एरवी चिखल. लाँच कशी येणार?"

सगळ्यांनी ऐकलं. तू फोन कानाला लावलास, आवाज बंद केलास, आणि म्हणालास, "तुला बोटीतलं काय कळतं? हात वर कर." आणि फोन ठेवून दिलास. मी म्हटलं, "ती तिथं राहते, लतीफ." तू म्हणालास, "ती बाजारात जाते आणि घरी येते. धक्क्यावर कशाला जाईल?"

दुसऱ्या दिवशी तिनं हात वर केला. पहिल्यापासून तिच्या भावानं तिला हात वर केलेलीच बघितली होती, त्याला काय वेगळं वाटणार.

उद्घाटनाचं मी बोलणार नव्हतो, पण आठवण आली की अजून संताप येतो आणि हसूही येतं. मुनीरला गावात राहून सगळं ठाऊक होतं. म्हणून त्यानं दिवस काढला तो पौर्णिमेचा, भर भरतीचा. पलीकडून होडी सजवून आणली, उद्घाटनाला बोलावलेल्या पुढाऱ्याला तिच्यात बसवलं, धक्क्याला लावली, हार झाले. आपण इथं तुझ्या दुकानात फोनवर बघतोय, तू पेढे वाटलेस. पण पुढाऱ्याला बोलायची हौस. परदेशात राबणारे हात, वगैरे. बोलत राहिला, बोलत राहिला, आणि ओहोटी लागली. परत जायला होडीत बसला तेव्हा होडी गाळात. हालेना. शेवटी मासळीवाल्या दालदी मुसलमान बायकांनी लुगडी खोचून, हात देऊन, त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाला चिखलातून काठावर घेतला. एक चप्पल तिथंच राहिली. तोवर तू फोन बंद केला होतास. "लाइन गेली," म्हणालास.

लाइन नव्हती गेली.

मग आपलं भांडण लागलं ते लागलंच. मी म्हणायचो, तुझ्या बहिणीनं सांगितलं होतं. तू म्हणायचास, गाळ काढतील, इन्शाल्ला. मी म्हणायचो, गाळ काढायला नवं सरकार लागेल. तू म्हणायचास, आमचंच परत येईल. पण एकदा, आपण दोघंच होतो, दुपारची वेळ, दुकान बंद, बाहेर ऊन असं की मांजरसुद्धा गाडीखाली, तेव्हा मी विचारलं, "अरे, पण तुला तो धक्का पाहिजे कशाला? सरळ सांग." तू बराच वेळ दोरीचं टोक उसवत बसलास. मग म्हणालास, "दत्त्या, परत जाणारा माणूस उतरणार कुठं? पुलावर?"

मी म्हटलं, "पुलावर. मी दरवर्षी पुलावरूनच जातो आणि दारात उतरतो."

"ते सुट्टीवर जाणं," तू म्हणालास. "मी परत जाण्याचं बोलतोय. जिथनं निघालो तिथंच उतरायला पाहिजे."

बोलायला खूप होतं. म्हणजे तुझा तो पक्ष, ती बटणं, ते ठराव, मुनीर, कमान, सगळं एका माणसाला एका पायरीवर उतरायचं होतं म्हणून. आणि त्यापायी एका गावाचं पाणी एक दिवसाआड. हे मी तुझ्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं. तुझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि राहिलं. आता म्हणतोय. ऐक.

शेवटच्या शुक्रवारी मी निघायला उठलो होतो. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. तू म्हणालास, "थांब रे, एक सांगायचं राहिलं. काल खतीजाशी बोललो." आणि हसायला लागलास. असा हसत सुटलास की खोकला आला, डोळे पुसलेस. मी म्हटलं, काय ते बोल. तेवढ्यात एक बलुची कोळी आला, त्याला जाळं बुडवायला लावतात ते शिशाचे बुडीद पाहिजे होते. तू उठलास. "पुढच्या शुक्रवारी सांगतो," म्हणालास. "तू पोट धरून हसशील."

पुढचा शुक्रवार आलाच नाही. तू दुकानातच गेलास, बसल्या जागी, त्याच खुर्चीत. कब्रस्तानात तुझ्या पुतण्यानं मला पुढं घेतलं. कोणीतरी कुजबुजलं, तर तो म्हणाला, "चाचाचा भाऊ आहे." मी मूठ माती टाकली. इथली माती, कोरडी, बोटांतून लगेच सरकते. माझ्या मनात काय होतं सांगू? दुःख होतं, ते आहेच. पण राग जास्त होता. म्हटलं, मेल्या, काय सांगणार होतास ते तरी सांगून जा.

म्हणून मुनीरचा फोन ठेवला आणि मी खतीजाला लावला. ती आता आजी झालीय, पण मला तिचा आवाज फ्रॉकातलाच वाटतो. म्हटलं, "खतीजा, लतीफ जायच्या आधी, त्या गुरुवारी, तुझ्याशी काय बोलला?"

ती म्हणाली, "दत्ताभाऊ, भाईनं पहिल्यांदाच विचारलं मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, खरं सांग, त्या धक्क्याचं करता काय तुम्ही? मी म्हटलं, भाई, रागावणार नाही ना? आम्ही त्याच्यावर जवळा वाळत घालतो."

"काय?"

"जवळा. बोंबील. उन्हाळ्यात कोकमाची सालं. असलं वाळवण अख्ख्या खाडीला नाही भाऊ. काँक्रीट तापतं, वारा लागतो, कुत्री वर चढत नाहीत. हिंदू बायकांचं डावीकडे, आमचं उजवीकडे, मधे वाट. भाई एवढा हसला, एवढा हसला. म्हणाला, दत्त्याला सांगतो."

हसू आलं नाही. तुझ्या अंदाजापेक्षा मी वाईट माणूस आहे.

"मग भाईनं विचारलं, काही कमी आहे का? मी म्हटलं, पाणी. मासळी धुवायला वरून हंडे आणावे लागतात, उतारावरून, म्हाताऱ्या बायका पडतात. एक नळ द्या धक्क्यावर. भाई म्हणाला, करतो."

"बघतो म्हणाला असेल," मी म्हटलं.

"नाही. करतो म्हणाला. मलाही नवल वाटलं."

लतीफ, हे तू मला त्या शुक्रवारी सांगायला पाहिजे होतंस. कोळी थांबला असता. बुडीद कुठं पळून जात नव्हते. आयुष्यभर मी तुला सांगत आलो, विचार, विचार, तिथं राहतात त्यांना विचार, आणि तू विचारलंस आणि मला न सांगता गेलास. हा जिंकण्याचा आनंद मी आता कोणाला दाखवू?

मग मी मुनीरला फोन केला. म्हटलं, "नाव नंतर. आधी नळ."

"कसला नळ?"

"धक्क्यावर. बायकांना मासळी धुवायला."

"काका, ते आराखड्यात नाही."

"धक्का होता आराखड्यात?"

"तो लतीफभाईंनी सांगितला म्हणून झाला."

"हा पण त्यानंच सांगितलाय. बहिणीला शब्द देऊन गेलाय. तिला विचार, ती तुझ्याच सभेत बसते."

"ती काही बोललीच नाही कधी सभेत."

"तुम्ही तिला हात वर करायला बोलावता, बोलायला नाही."

मुनीर हुशार आहे. लगेच म्हणाला, "काका, निवडून आलो की नळ नक्की. तुम्ही फक्त शुक्रवार सांभाळा." म्हणजे नळ पण मागनं. बटण आधी.

काल शुक्रवार होता. मी बरक्याला गेलो. दुकान तुझा पुतण्या बघतो, चहा सुधारला आहे, त्याचा मला राग आला. सगळे जमले होते. खुर्ची तशीच, पायाला दोरी. मी म्हटलं, ही मोडून मी पडलो तर लतीफ वर हसेल, आणि बसलो. मुनीरनं आधीच सगळ्यांना कळवलं होतं. हरीनं फोन हातात तयार धरला होता.

मी म्हटलं, "लावा फोन. पण सांगायचं काही नाही. विचारायचं."

"काय विचारायचं?"

"गावात काय पाहिजे ते. आणि ती बोलत असेल तोवर 'ते मागनं' म्हणायचं नाही."

"आणि बटण?"

"बटण ती ठरवेल."

कोणीतरी मागून म्हणालं, लतीफभाई असते तर असं चाललं नसतं. मी म्हटलं, लतीफभाईनं शेवटचा फोन केला तो असाच केला होता, आणि धक्क्याची गोष्ट सांगितली. जवळ्यापाशी आलो तेव्हा आधी कोणीच हसलं नाही. मग हरी हसला. मग सगळे. हसता हसता कितीतरी जण रडले. तुला माती दिली त्या दिवशी जेवढं रडले नव्हते तेवढं काल रडले.

हरीनं फोन लावला. आवाज मोठा. "अगो, ऐक. गावात काय झालं पाहिजे असं तुला वाटतं?"

मग ती म्हणाली, "कोण बोलतंय?"

"मी, हरी."

"बरं वाटत नाही का तुम्हाला? शेजारी कोण आहे, त्याच्याकडे फोन द्या."

तिला पटवायलाच बराच वेळ गेला. पण एकदा सुरू झाली ती थांबेना. बाळ्याच्या शाळेच्या छपरापासून ते कमानीखाली बसणाऱ्या टोळक्यापर्यंत. हरी नुसता "हो, हो" करत होता, कपाळावर घाम. 'यल्ला' म्हणायला कोणी नव्हतं. मी म्हटलं नाही.

मग तो फोन ठेवून म्हणाला, "दत्ताकाका, आता तुम्ही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझं काय, मी कधी सांगितलंच नाही. "मग विचारा," हरी म्हणाला. उर्मट झालाय. पण खुर्चीत बसलो होतो, उठून जाता येईना. लावला फोन आणि टेबलावर ठेवला, तू ठेवला होतास तिथंच.

"काय झालं?" इंदू म्हणाली. शुक्रवारी या वेळेला मी तिला फोन करत नाही.

"काही नाही. निवडणूक आहे."

"माहीत आहे."

"धक्क्याला लतीफचं नाव द्यायचं म्हणतात. तुला काय वाटतं? आणि एकूणच, गावात काय व्हायला पाहिजे?"

मला वाटलं, या वेळी खरंच लाइन गेली.

"बटण सांगायला नाही ना फोन केलात?"

"मी कधी सांगितलंय?"

"सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "विचारलंतही नाहीत." हे तिचं म्हणणं आहे. ते मी लिहितो, मान्य केलं असं नाही.

मग ती म्हणाली, "थांबा. गॅस बंद करून येते."

लतीफ, तुझ्या दुकानामागं एवढी माणसं, सगळी टेबलावरच्या फोनकडे वाकली. फोनमधून चपला सरकल्याचा आवाज आला. बटण फिरवल्याचा. भांड्यावर झाकण ठेवल्याचा. मग लाकडी पाट ओढल्याचा. ती बसून बोलणार होती. मी खुर्ची पुढं सरकवली, दोरीचा पाय जपून टेकवला, आणि थांबलो.